वत्सगुल्म आणि लाकडी माणसांच्या कथा

माणसासारखी दिसणारी, चालणारी आणि काम करणारी यंत्रे विज्ञानकथेच्या कितीतरी आधी भारतीय कथावाङ्मयात अवतरली. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध गोष्टी गुणाढ्याच्या बृहत्कथेच्या परंपरेत येतात. ही कथा सातवाहनांच्या राज्यात रचली गेली असे परंपरा सांगते, आणि गुणाढ्याच्या जन्मकथेत त्याच्या दोन मामांची नावे वत्स आणि गुल्मक अशी येतात. वऱ्हाडातील वाशीम या गावाचे प्राचीन नाव वत्सगुल्म. यंत्रमाणसांच्या कथा, त्या जपणारी परंपरा आणि त्यांच्याविषयी मांडले गेलेले तर्क यांचा इतिहास या गावापासून सांगता येतो.

वाकाटकांची राजधानी

वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्यानंतर राज्याची विभागणी झाली. थोरली शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून राज्य करू लागली. दुसरा मुलगा सर्वसेन याने चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात वत्सगुल्म येथे गादी स्थापन केली. या शाखेचा इतिहास फार काळ धूसर होता. दुसऱ्या विंध्यशक्तीचा वाशीम ताम्रपट १९३९ साली प्रकाशात आला, तेव्हा तिची वंशावळ आणि राजधानी या दोन्ही गोष्टी पक्क्या झाल्या. त्या ताम्रपटाचा काही भाग संस्कृतात आणि काही प्राकृतात आहे. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथील शिलालेख देवसेनाच्या काळचा असून त्यावर शक ३८० म्हणजे इ.स. ४५८ हे वर्ष कोरले आहे. सुदर्शन नावाच्या तलावाच्या बांधकामाची त्यात नोंद आहे. देवसेनाचा मुलगा हरिषेण या शाखेचा सर्वांत बलाढ्य राजा. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले.

हे घराणे साहित्याचे जाणकार होते. सर्वसेनाने ‘हरिविजय’ हे प्राकृत महाकाव्य लिहिले. कृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणला, हा त्याचा विषय. काव्य आज उपलब्ध नाही. आनंदवर्धन, कुंतक, भोज, हेमचंद्र अशा काव्यशास्त्रकारांनी केलेल्या उल्लेखांवरून आणि त्यांनी घेतलेल्या उताऱ्यांवरूनच ते माहीत आहे. दहाव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेला राजशेखर आपल्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लावतो. त्याच्याच ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत नाटकात विदूषक दक्षिणापथातील वच्छोम नगरातल्या एका सुंदर मुलीचे वर्णन करतो. वच्छोम म्हणजे वत्सगुल्मच. वाकाटकांची सत्ता संपून चारशे वर्षे उलटली तरी कवींच्या भूगोलात या गावाचे स्थान कायम होते.

गुणाढ्याचे आजोळ

गावाच्या नावाविषयी एकाहून अधिक आख्यायिका आहेत. वत्सगुल्ममाहात्म्य हे स्थलपुराण नावाचा संबंध वत्स ऋषीच्या तपश्चर्येशी जोडते. कामसूत्रावरील ‘जयमंगला’ टीका सांगते, की दक्षिणापथात वत्स आणि गुल्म नावाचे दोन सख्खे राजपुत्र होते आणि त्यांनी वसवलेल्या प्रदेशाला वत्सगुल्मक म्हणत. बृहत्कथेच्या परंपरेतील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त हेच दोघे ब्राह्मणपुत्र होऊन येतात. सोमशर्मा नावाच्या ब्राह्मणाला वत्स आणि गुल्मक हे मुलगे आणि श्रुतार्था ही मुलगी. आईबाप वारल्यावर श्रुतार्था गरोदर असल्याचे उघड झाले. घरात तिसरा पुरुष नसल्याने दोघे भाऊ एकमेकांवर संशय घेऊ लागले. अखेर तिने खरे सांगितले, की नागराज वासुकीच्या घराण्यातील कीर्तिसेनाशी तिचा गांधर्वविवाह झाला आहे. तिचा मुलगा तो गुणाढ्य. वाकाटकांच्या इतिहासाचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी वत्सगुल्माची चर्चा करताना या आख्यायिका एकत्र ठेवून पाहिल्या. कथासरित्सागर या भावांच्या गावाचे नाव वत्सगुल्म असे देत नाही, तो प्रतिष्ठान देशाचे नाव घेतो. त्यामुळे गुणाढ्याचे आजोळ वऱ्हाडात होते हे सिद्ध होत नाही. मात्र वत्स आणि गुल्म ही जोडी दक्षिणापथाच्या कथांत रुळलेली होती एवढे निश्चित होते.

गुणाढ्याची पुढची कथा प्रसिद्ध आहे. सातवाहन राजाला संस्कृत किती दिवसांत शिकवता येईल यावर शर्ववर्म्याशी लागलेली पैज तो हरला आणि संस्कृत, प्राकृत व देशभाषा या तिन्ही त्याने सोडल्या. विंध्याच्या अरण्यात पिशाचांची भाषा शिकून त्याने त्या पैशाचीत सात लक्ष श्लोकांची कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती नाकारली. तेव्हा तो एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकू लागला. राजा धावत आला तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. उरले ते नरवाहनदत्ताच्या चरित्राचे एक लक्ष. ही आख्यायिका आहे. परंतु बृहत्कथा नावाचा ग्रंथ होता याविषयी शंका नाही: दंडी आणि बाण तिचा उल्लेख करतात, आणि गुणाढ्याचे नाव थेट कंबोडियातील शिलालेखातही सापडते.

हेमपुरातील लाकडी प्रजा

नरवाहनदत्त हा वत्सराज उदयनाचा मुलगा. कथासरित्सागराच्या रत्नप्रभा या लंबकात, म्हणजे खंडात, तो कर्पूरिका या राजकन्येच्या शोधात निघतो आणि वाटेत समुद्राकाठच्या हेमपुर नगरात शिरतो. बाजारात व्यापारी, वाटेवर नागरिक, माडीवर गणिका, सगळे आपापल्या हालचालींत गुंतलेले. पण एकाच्याही तोंडून शब्द नाही. त्या मौनावरूनच त्याच्या ध्यानात येते, की ही सगळी लाकडाची यंत्रे आहेत. राजवाड्यात हत्ती, घोडे आणि द्वारपालही लाकडाचेच. सिंहासनावर बसलेला राज्यधर एवढाच त्या नगरातला जिवंत माणूस.

राज्यधर सुतार होता. तो आणि त्याचा थोरला भाऊ प्राणधर हे कांचीच्या बाहुबल राजाच्या नगरीत राहत आणि मयासुराने शोधून काढलेली काष्ठयंत्रे करण्यात तरबेज होते. प्राणधर व्यसनी निघाला. पैसा संपल्यावर त्याने दोरीने चालणारी हंसांची जोडी बनवली. ती रात्री खिडकीतून राजाच्या कोषागारात शिरे आणि चोचीत रत्ने घेऊन परत येई. एके रात्री पहारेकऱ्यांनी हंस पकडले, दोरी सैल पडली आणि प्राणधराने काय झाले ते ओळखले. दोघेही भाऊ आपापल्या आकाशयानातून पळाले. राज्यधर या निर्जन नगरात पोहोचला. तेथे त्याला अन्न आपोआप मिळे, पण सोबतीला कोणी नव्हते. म्हणून त्याने लाकडाची प्रजा घडवली आणि तिच्यावर राज्य करू लागला.

याच ग्रंथात दुसरी महत्त्वाची यंत्रकथा सोमप्रभेची. ती मयासुराची मुलगी. मैत्रीण कलिंगसेनेला रिझवण्यासाठी ती करंडीभर लाकडी बाहुल्या आणते. खुंटी दाबताच एक बाहुली आकाशातून जाऊन माळ घेऊन येते, एक पाणी आणते, एक नाचते, तर एक चक्क संभाषण करते. सोमप्रभा या विद्येचे वर्गीकरणही सांगते. पृथ्वीयंत्र दारे बंद करते. जलयंत्र सजीव भासते. अग्नियंत्र ज्वाला ओकते. वायुयंत्र येणेजाणे करते. आकाशयंत्र बोलते. पंचमहाभूतांवर बसवलेली ही मांडणी तंत्रज्ञाची नाही, कथाकाराची आहे. पण माणसाच्या भासाचे तिने केलेले तुकडे नेमके आहेत. जिवंत दिसणे, हालणे आणि बोलणे या तीन वेगळ्या करामती मानल्या असून त्यांत बोलणे सर्वांत सूक्ष्म तत्त्वाकडे, आकाशाकडे, सोपवले आहे. हेमपुरातील प्रजेला नेमकी तीच करामत साधलेली नाही.

यवन कारागीर

यंत्रविद्या कोठून आली या प्रश्नाला या परंपरेतील ग्रंथ वेगवेगळी उत्तरे देतात. कथासरित्सागर मयासुराचे नाव घेतो. बुधस्वामीच्या ‘बृहत्कथाश्लोकसंग्रहा’त आकाशयंत्र फक्त यवनांना ठाऊक असते. पुक्वसक नावाच्या सुताराचा जावई विश्विल ही विद्या जाणतो. राजाने सासऱ्यावर दडपण आणले तरी तो ती सांगत नाही. कोंबड्याच्या आकाराच्या यानात बायकोला बसवून रातोरात निघून जातो. ‘वसुदेवहिंडी’ या संघदासगणीच्या प्राकृत जैन ग्रंथातला कोक्कास गलबतातून यवनदेशी जातो, तेथील सुताराकडे शिकतो आणि परत येऊन यांत्रिक कबुतरांकडून राजाच्या कोठारातला तांदूळ आणवतो. ‘आवश्यकचूर्णी’त हाच कोक्कास सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या वसईजवळच्या नालासोपाऱ्याचा आहे. कांचीतील हंस आणि कोक्कासाची कबुतरे ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत हे सहज दिसते.

बौद्ध कथांत यवनदेशातील यंत्राचार्याची गोष्ट येते. पाहुण्या चित्रकाराच्या सेवेला तो एक मुलगी पाठवतो. चित्रकार तिचा हात धरून ओढतो, तशी ती कोसळते आणि लाकडाच्या तुकड्यांचा ढीग होतो. फसवला गेलेला चित्रकार रात्रीत भिंतीवर स्वतःचेच गळफास घेतलेले चित्र काढून लपून बसतो; सकाळी यंत्राचार्य प्रेत उतरवायला जातो आणि तोही फसतो. ही कथा मध्य आशियात तोखारी भाषेपर्यंत पोहोचली. हेमपुरात खूण पटली मौनावरून, येथे ती पटते स्पर्शावरून.

यवनांचा उल्लेख निराधार नव्हता. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकात आपोआप चालणाऱ्या यंत्रांवर ग्रंथ लिहिला आहे, आणि त्याच काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा रोमन साम्राज्याशी व्यापार भरात होता. कथेतून प्रत्यक्ष यंत्रांची कल्पना करणे मात्र घाईचे ठरेल. मध्ययुगात यंत्रांचा तपशील देणारा ग्रंथ आहे तो धारच्या भोजराजाचा ‘समरांगणसूत्रधार’. अकराव्या शतकातील या ग्रंथाच्या यंत्राध्यायात नाचणाऱ्या पुतळ्या, दिव्यात तेल घालणाऱ्या आकृती, लाकडी द्वारपाल आणि योद्धे यांची वर्णने आहेत. घटक पूर्ण सांगत नाही, कारण विद्या गुप्त राखायची आहे, असे भोज स्वतःच नमूद करतो. हा ग्रंथ १९२४-२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला.

यंत्रजानकी

वत्सगुल्मात साहित्याचा विवाह लावणारा राजशेखर यंत्रकथेतही एक नवी भर घालतो. त्याचा पणजोबा अकालजलद हा ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणवला जाई. राजशेखर स्वतः कनोजच्या प्रतिहार दरबारी होता. त्याच्या ‘बालरामायण’ नाटकाच्या पाचव्या अंकात सीतेसाठी झुरणाऱ्या रावणाला सीतेची यांत्रिक प्रतिमा दिली जाते. ती मयाच्या शिष्याने घडवली आहे, आणि बोलण्यासाठी तिच्या तोंडात पढवलेली सारिका, म्हणजे मैना, बसवली आहे. रावण प्रतिमेलाच सीता समजून बोलत राहतो. स्पर्श होताच त्याला सत्य कळते.

हेमपुरातील प्रजा मुकी म्हणून ओळखू आली. यंत्रजानकीला वाणी दिली, पण ती दुसऱ्याची. बोलणारी आकृती माणूस आहे की नाही हे ठरवताना ती बोलते का एवढे पाहून भागत नाही, ते बोल कोणाचे आहेत हे पाहावे लागते. यंत्रमाणसाच्या कथेतील हा सर्वांत पुढचा टप्पा या नाटकाने दहाव्या शतकाच्या सुमारास गाठला होता.

श्रोत्यांचे तर्क

या कथांबरोबर तर्क लढवण्याची रीतही चालत आली. तिचे सर्वांत जुने घोटीव रूप वेताळपंचविशीत आहे. ती कथासरित्सागरात समाविष्ट असून मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० साली आणली. प्रेतात शिरलेला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडे टाकतो. कारणांसह उत्तर देण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर असते. सिंहासनबत्तिशीत राजासनाच्या बत्तीस पुतळ्या एकेक करून बोलतात आणि बसू पाहणाऱ्या भोजाला अडवतात. या कथांचे मराठी पुस्तक बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात १८१४ साली छापले गेले. छापील मराठी गद्याच्या अगदी पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते.

फारसी ‘तूतीनामा’त, जो संस्कृत शुकसप्ततीवर आधारलेला आहे, कोड्याच्या केंद्रस्थानी लाकडी स्त्रीच आहे. चार प्रवासी रात्री आळीपाळीने पहारा देतात. सुतार बाहुली कोरतो, सोनार दागिने घालतो, शिंपी वस्त्रे नेसवतो, तपस्वी प्रार्थनेने तिच्यात प्राण आणतो. सकाळी प्रत्येकजण तिच्यावर हक्क सांगतो. निवाडा करणारे झाड दुभंगते आणि ती त्यात परत विलीन होते. घडवणाऱ्याचा घडवलेल्यावर हक्क किती, हा प्रश्न कथा सोडवत नाही. निवाडा असा देते, की चौघांपैकी कोणाचाच नाही.

मूळ कथा कोणती

एकोणिसाव्या शतकापासून तर्कांचे हे काम विद्वानांकडे आले, आणि कोडे होते खुद्द बृहत्कथेचे. आरंभी फक्त काश्मिरी ग्रंथ ठाऊक होते: अकराव्या शतकातील क्षेमेंद्राची ‘बृहत्कथामंजरी’ आणि सोमदेवाचा सुमारे एकवीस हजार श्लोकांचा कथासरित्सागर. मग नेपाळात बुधस्वामीचा अपुरा ग्रंथ सापडला. फ्रेंच पंडित फेलिक्स लाकोत याने १९०८ मध्ये असा सिद्धान्त मांडला, की काश्मिरी ग्रंथ मुळापासून बरेच दूर गेले असून नेपाळी पाठ मुळाच्या अधिक जवळ आहे. १९३० च्या दशकात जर्मन अभ्यासक लुडविग आल्सडोर्फ याने वसुदेवहिंडीत बृहत्कथेचा आणखी एक जुना पाठ दडलेला असल्याचे दाखवले. त्यात नायक नरवाहनदत्ताऐवजी कृष्णाचा पिता वसुदेव आहे, पण प्रसंगांचा क्रम ओळखू येतो. तमिळमधील कोंगुवेळिराच्या ‘पेरुंगदै’ने चौथी बाजू पुरवली.

चारही पाठ समोर ठेवल्यावर एक नियम दिसतो. जो प्रसंग परस्परांशी संबंध नसलेल्या दोन पाठांत येतो, तो मुळात असण्याची शक्यता जास्त. यंत्र घडवणारा सुतार काश्मीर, नेपाळ आणि जैन परंपरा या तिन्हींत आहे. म्हणून तो गुणाढ्याच्या कथेत होता असे मानायला आधार आहे. लाकडी प्रजेचे संपूर्ण नगर मात्र काश्मिरी पाठातच ठळकपणे येते, तेव्हा त्याविषयी तेवढी खात्री देता येत नाही.

दूरचित्रवाणीवरील यंत्रमाणसे

२०१६ साली यंत्रमाणसांच्या दोन मालिका आल्या. भारतात लाइफ ओके वाहिनीवरील ‘बहू हमारी रजनीकांत’ या विनोदी हिंदी मालिकेत घरची सून यंत्र होती. अमेरिकेत एचबीओवर ‘वेस्टवर्ल्ड’ सुरू झाली. मायकेल क्रायटन याच्या १९७३ च्या चित्रपटावर बेतलेली ही मालिका २०२२ पर्यंत चार पर्वांत चालली. तिच्यात श्रीमंत पाहुण्यांसाठी उभारलेल्या नगरात हुबेहूब माणसांसारखी यंत्रे राहतात. पहिल्या पर्वात प्रेक्षकांनी बारीकसारीक खुणा जुळवून तर्क मांडले: कथा दोन वेगळ्या काळांत चालली आहे, तरुण विल्यम आणि काळ्या पोशाखातला क्रूर पाहुणा ही तीस वर्षांच्या अंतरावरची एकच व्यक्ती आहे, यंत्रांची देखभाल करणारा बर्नार्ड स्वतःच यंत्र आहे. तिन्ही तर्क खरे ठरले.

या मालिकेत स्पर्शाची कसोटी निकामी झाली आहे, मौनाचीही. यंत्रे अस्खलित बोलतात. प्रश्न उरतो तो त्यांच्या तोंडचे शब्द त्यांचे स्वतःचे आहेत की कोणी लिहून दिलेले. हा प्रश्न यंत्रजानकीच्या तोंडातील सारिकेने आधीच उभा केला होता. यंत्रमाणसाच्या कथेचा इतिहास बहुधा कारेल चापेकच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकापासून सांगितला जातो, कारण ‘रोबो’ हा शब्द तेथून आला. भारतीय कथांचा विचार केला तर हा आरंभ किमान हजार वर्षे मागे न्यावा लागतो, आणि त्यात राज्यधर, सोमप्रभा, कोक्कास व यंत्रजानकी यांना जागा द्यावी लागते. गुणाढ्याच्या मूळ पैशाची बृहत्कथेची प्रत मात्र आजवर कोठेही मिळालेली नाही.